आकलन आणि व्याकरण : इंग्रजीच्या पात्रता प्रश्नपत्रिकेची तयारी व मराठी माध्यमाचा विद्यार्थी

प्रस्तावना

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत इंग्रजीची प्रश्नपत्रिका हा बहुधा सर्वांत शेवटी हाती घेतला जाणारा विषय असतो. सामान्य अध्ययन, वैकल्पिक विषय व चालू घडामोडी यांवर वर्षभर परिश्रम घेणारा विद्यार्थी इंग्रजीसाठी परीक्षेपूर्वीचे काही आठवडे राखून ठेवतो. या काळात तो व्याकरणाचे एखादे पुस्तक सोडवितो आणि काही उतारे वाचून त्यांखालील प्रश्नांची उत्तरे शोधतो. व्याकरण एका वहीत व उतारे दुसऱ्या वहीत, अशी ही विभागणी असते. वाक्याची घडण उलगडल्याशिवाय उताऱ्याचा अर्थ लागत नाही आणि उताऱ्याविना व्याकरणाचा नियम निरुपयोगी ठरतो, ही गोष्ट या विभागणीत नजरेआड होते.

नागपूर व परिसरातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मराठी व इंग्रजी वाक्यरचनेतील भेदांमुळे आकलनात नेमक्या कोठे चुका होतात, त्या व्याकरणाच्या साहाय्याने कशा टाळता येतात आणि महाविद्यालयीन अध्यापनात यासाठी काय करता येईल, या तीन मुद्द्यांचा ऊहापोह येथे केला आहे.

परीक्षेचे बदलते स्वरूप

कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची नवी योजना अमलात आली. मुख्य परीक्षेत एक भारतीय भाषा व इंग्रजी अशा दोन अनिवार्य प्रश्नपत्रिका असतात. इंग्रजीची प्रश्नपत्रिका ३०० गुणांची असून तीत निबंध, उताऱ्याचे आकलन, सारांशलेखन आणि शब्दांचा व व्याकरणाचा वापर यांचा समावेश होतो. हे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. मात्र किमान २५ टक्के म्हणजे ७५ गुण मिळाले नाहीत, तर उमेदवाराचा निबंध, सामान्य अध्ययन व वैकल्पिक विषय यांच्या गुणांचा विचारच होत नाही. ज्या प्रश्नपत्रिकेचे गुण मोजले जात नाहीत, तीच उरलेल्या सर्व गुणांचे दार उघडते किंवा बंद करते.

पूर्व परीक्षेतही इंग्रजीचा प्रश्न वादग्रस्त ठरला. २०११ मध्ये सुरू झालेल्या नागरी सेवा कल चाचणीत दहावीच्या पातळीवरील इंग्रजी आकलनाचे प्रश्न होते. ग्रामीण व भारतीय भाषांच्या माध्यमातील उमेदवारांवर यामुळे अन्याय होतो, असा आक्षेप घेऊन मोठे आंदोलन झाले. २०१४ मध्ये या प्रश्नांचे गुण वगळण्यात आले आणि २०१५ पासून ही संपूर्ण प्रश्नपत्रिका ३३ टक्के गुणांची पात्रता प्रश्नपत्रिका झाली. तरीही तिच्यातील उतारे इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत दिले जातात. मराठी माध्यमाच्या उमेदवाराला येथे मातृभाषेचा आधार मिळत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतील बदल अधिक मूलगामी आहे. पूर्वीच्या योजनेत मराठी व इंग्रजी यांच्या एका प्रश्नपत्रिकेचे स्वरूप वर्णनात्मक, तर दुसरीचे वस्तुनिष्ठ होते. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत व्याकरण व आकलन यांवर पर्यायी उत्तरांचे प्रश्न विचारले जात आणि त्यांचे गुण अंतिम निवडीत धरले जात. २०२५ च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून मराठी व इंग्रजी या प्रत्येकी ३०० गुणांच्या, किमान २५ टक्के गुण आवश्यक असलेल्या पात्रता प्रश्नपत्रिका झाल्या आहेत. चार पर्यायांतून योग्य शब्द निवडण्याचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला आता उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावे लागते. परीक्षेचे स्वरूप बदलले; सरावाची पद्धत मात्र अनेक ठिकाणी जुनीच राहिली आहे.

नागपूर आणि इंग्रजीचे स्थान

नागपुरात इंग्रजी उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८८३ मध्ये हिस्लॉप महाविद्यालय व १८८५ मध्ये मॉरिस महाविद्यालय सुरू झाले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. त्या काळात इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम होते. इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र हे सर्व विषय विद्यार्थी इंग्रजीतून वाचत असे. त्यामुळे इंग्रजी वाचनाचा वेगळा सराव करण्याचे प्रयोजन फारसे नव्हते. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाने मराठी व हिंदी या माध्यमांना स्थान दिले. हा निर्णय ज्ञानाच्या प्रसारासाठी हितकारक ठरला. त्याचा एक परिणाम मात्र दुर्लक्षित राहिला. कला शाखेच्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्यासाठी इंग्रजी वाचन आता केवळ आवश्यक इंग्रजीच्या तासापुरते उरले आणि तेथेही ते नेमलेल्या पाठांपुरते व मार्गदर्शिकेतील तयार उत्तरांपुरते संकोचले.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे आज पदवीच्या वर्गात असलेल्या विद्यार्थ्याने हा विषय किमान १२ वर्षे अभ्यासलेला असतो. शब्दसंग्रहाची कमतरता काही अंशी असली, तरी तिच्याकडे बोट दाखवून त्याच्या अडचणीचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. नागपुरात परीक्षेच्या तयारीसाठी भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून विद्यार्थी येतात. त्यांपैकी काहींच्या घरी झाडीबोली, तर काहींच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलली जाते. अशा विद्यार्थ्यासाठी प्रमाण मराठी ही दुसरी व इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. हे वास्तव ध्यानात घेऊनच सरावाची आखणी व्हावयास हवी.

प्रचलित सराव व त्याच्या मर्यादा

मराठी भाषकांना इंग्रजी शिकविण्यात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे कार्य सुपरिचित आहे. दोन भाषांची वाक्ये शेजारी ठेवून त्यांतील भेद दाखविणे, हे भाषांतर पद्धतीचे सामर्थ्य होय. त्या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. सुटी वाक्ये उलगडता आली, तरी सलग परिच्छेदातील वाक्यांचे परस्परसंबंध उलगडतीलच असे नाही. पुढील काळातील परीक्षोपयोगी पुस्तकांनी या पद्धतीतील तुलना सोडून दिली आणि सुटे वाक्य मात्र कायम ठेवले. प्रयोग बदला, रिकाम्या जागी उपपद भरा, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करा, असे प्रश्न शेकड्याने सोडविले जातात. रूपांतराचा नियम पाठ होतो. परंतु अग्रलेखात तीच रचना समोर आली की विद्यार्थी ती ओळखत नाही.

उताऱ्यांच्या सरावातही असाच दोष आढळतो. विद्यार्थी प्रथम प्रश्न वाचतो, त्यातील एखादा शब्द उताऱ्यात शोधतो आणि त्या शब्दाजवळचे वाक्य उत्तर म्हणून उतरवितो. माहितीच्या प्रश्नांत ही युक्ती कधी कधी सफल होते. लेखकाचे मत, अनुमान किंवा सारांश विचारला असता ती पूर्णपणे निष्फळ ठरते.

अडचणीची स्थळे

मराठी व इंग्रजी यांच्या रचनेतील पुढील भेद आकलनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला भेद क्रियापदाच्या स्थानाचा. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते. साध्या वाक्यात याचा त्रास होत नाही. कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये दोन-तीन ओळींचे गौणवाक्य आले, की विद्यार्थी सर्वांत जवळच्या नामालाच कर्ता समजतो.

दुसरा भेद विशेषणात्मक रचनेचा. मराठीत ‘पाणी दिलेली बाग’ असे म्हणताना विशेषण नामाच्या आधी येते, ‘जी बाग... ती’ या रचनेतही संबंधी वाक्य बहुधा आधी येते. इंग्रजीत असा मजकूर नामाच्या नंतर येतो. शिवाय इंग्रजीतील भूतकाळवाचक क्रियापद आणि धातुसाधित विशेषण यांचे रूप पुष्कळदा एकच असते. त्यामुळे विशेषणालाच मुख्य क्रियापद मानण्याची चूक घडते.

तिसरा भेद सर्वनामांचा असून त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग आहे. विहीर ‘ती’, ठिबक संच ‘तो’, पाणी ‘ते’. सर्वनाम व क्रियापद यांच्या लिंगावरून ते कोणत्या नामासाठी आले, हे मराठी वाचकाला आपोआप कळते. इंग्रजीतील ‘इट’ व ‘देम’ यांत ही सोय नाही. तेथे वचन व वाक्याचा अर्थ यांवरून संदर्भ शोधावा लागतो. हा शोध घेण्याची सवय नसलेला विद्यार्थी अलीकडच्या नामाशी सर्वनामाचा संबंध जोडून मोकळा होतो.

चौथा भेद नकाराचा. ‘पाऊस येत नाही तोपर्यंत पेरणी करीत नाहीत’ या मराठी वाक्यात नकार दोनदा येतो. इंग्रजीत ‘अंटिल’ वापरताना तो एकदाच येतो. ‘अनलेस’ व ‘हार्डली’ या शब्दांत तर नकार शब्दाच्या पोटातच दडलेला असतो. ‘टू लेट टू’ सारख्या रचनेत ‘नॉट’ हा शब्द नसूनही अर्थ नकारार्थी होतो. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीत आणि ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत; केवळ एका उपपदाने वाक्याचा कल बदलतो. उपपदे नसलेल्या मराठीच्या भाषकाच्या नजरेतून हा फरक सहज निसटतो.

पाचवा भेद कथनाचा. मराठीत ‘मंत्री म्हणाले की मी चौकशी करतो’ असे मूळ काळ व मूळ सर्वनाम राखून सांगता येते. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथन करताना ‘मी’चा ‘ही’ होतो व ‘विल’चा ‘वुड’ होतो. हा ‘वुड’ अट सुचवितो, असा विद्यार्थ्याचा समज होतो आणि दिलेल्या आश्वासनाला तो शक्यता समजतो. तसेच ‘शुड हॅव’ या रचनेचा अर्थ ‘करावयास हवे होते’ असा आहे. ते केले गेले नाही, हे त्यात गृहीत असते. अनुमानाच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या एका रचनेत असते.

एका उताऱ्याचे उदाहरण

उपरोक्त भेद एकत्र कसे येतात, हे दाखविण्यासाठी विदर्भातील परिचित विषयावर रचलेला पुढील लघु उतारा विचारात घेता येईल :

‘दि ऑरेंज ग्रोअर्स हू डिपेंडेड ऑन वेल्स डिड नॉट टर्न टू ड्रिप इरिगेशन अंटिल द वॉटर टेबल फेल. हार्डली एनी ऑफ देम हॅड एक्स्पेक्टेड इट टू हेल्प. द गार्डन्स वॉटर्ड इन धिस वे, हाउएव्हर, सफर्ड लेस दॅन दि अदर्स. अनलेस द वेल्स आर रिचार्ज्ड, ईव्हन ड्रिप विल बी टू लिटल टू सेव्ह देम.’

यात संत्रा, विहीर, ठिबक सिंचन असे परिचित विषय असून शब्द फारसे कठीण नाहीत. तरीही चुकण्याच्या जागा अनेक आहेत.

पहिल्या वाक्याचा मुख्य कर्ता बागायतदार व मुख्य क्रियापद ‘डिड नॉट टर्न’ हे आहे. मधला विहिरींचा मजकूर विशेषणात्मक आहे. ‘नॉट’ व ‘अंटिल’ एकत्र वाचले, तर अर्थ होतो : भूजलपातळी खाली गेल्यावरच ते ठिबककडे वळले. केवळ ‘नॉट’कडे पाहणारा विद्यार्थी ‘ते ठिबककडे वळले नाहीत’ असे उत्तर देतो.

दुसऱ्या वाक्यातील ‘इट’च्या सर्वांत जवळचे नाम ‘वॉटर टेबल’ हे आहे; पण उपयोग होण्याची अपेक्षा भूजलपातळीकडून नव्हे, ठिबक सिंचनाकडून असते. ‘देम’ म्हणजे विहिरी नव्हेत, बागायतदार. कारण अपेक्षा माणसेच करतात. ‘हार्डली एनी’ याचा अर्थ ‘क्वचितच कोणी’ असा घेतला, म्हणजे वाक्य नकारार्थी असल्याचे लक्षात येते.

तिसऱ्या वाक्यातील ‘वॉटर्ड’ हे मुख्य क्रियापद नाही. ‘या पद्धतीने पाणी दिलेल्या बागा’ असा त्याचा अर्थ असून मुख्य क्रियापद ‘सफर्ड’ हे आहे. ‘हाउएव्हर’ या शब्दामुळे विचाराची दिशा बदलते : अपेक्षा नव्हती, तरी उपयोग झाला.

चौथ्या वाक्यातील ‘देम’साठी ‘वेल्स’ हे अनेकवचनी नाम जवळ असले, तरी ठिबकने वाचवावयाच्या त्या बागा. ‘अनलेस’ व ‘टू लिटल टू’ या दोहोंतील दडलेला नकार उलगडला, की अर्थ स्पष्ट होतो : विहिरींचे पुनर्भरण झाले नाही, तर ठिबकही बागा वाचवू शकणार नाही.

आता ‘लेखकाच्या मते ठिबक सिंचन निरुपयोगी आहे काय?’ असा प्रश्न विचारला, तर शेवटच्या वाक्यातील ‘टू लिटल’ पाहून होकारार्थी उत्तर देण्याचा मोह होतो. योग्य उत्तर असे : ठिबक उपयुक्त आहे, परंतु पुरेसे नाही. तिसरे व चौथे वाक्य एकत्र वाचणाऱ्यालाच हे उत्तर सापडते. येथे व्याकरण व आकलन अशी विभागणी करताच येत नाही. सर्वनामाचा संदर्भ, धातुसाधित विशेषण व नकारवाचक अव्यय यांचे ज्ञान हेच या ठिकाणी आकलन होय.

सरावाची योजना

या विवेचनावरून सरावाची एक साधी योजना सुचविता येते. दररोज एकच उतारा घ्यावा. मात्र त्याचे तीनदा वाचन करावे. पहिल्या वाचनात शब्दकोश न पाहता प्रत्येक परिच्छेदाचा आशय मराठीत एका ओळीत लिहावा. येथे मराठी हा अडथळा नसून आकलनाची कसोटी आहे. ज्याचा आशय मराठीत सांगता येत नाही, ते वाक्य समजलेले नाही असे मानावे. दुसऱ्या वाचनात लांब वाक्यांचे मुख्य क्रियापद अधोरेखित करावे, प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामापर्यंत बाण काढावा आणि नकारवाचक व दिशा बदलणाऱ्या शब्दांना चौकट करावी. तिसऱ्या वाचनानंतर प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत व स्वतःच्या शब्दांत लिहावीत.

चुकांची स्वतंत्र वही ठेवणे हा या योजनेचा गाभा होय. प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे : शब्द माहीत नव्हता, मुख्य क्रियापद चुकले, सर्वनामाचा संदर्भ चुकला, नकार निसटला, प्रश्न नीट वाचला नाही, की उताऱ्यात नसलेले स्वतःचे मत उत्तरात आले. दोन-तीन आठवड्यांत कोणते कारण पुनःपुन्हा येते हे दिसू लागते. त्याच घटकाचे व्याकरण त्या दिवसांत अभ्यासावे. अशा रीतीने व्याकरणाचा क्रम पुस्तकातील प्रकरणांवरून न ठरता विद्यार्थ्याच्या गरजेवरून ठरतो.

आठवड्यातून एकदा अभ्यासलेल्या उताऱ्याचे सुमारे एकतृतीयांश शब्दांत सारांशलेखन करावे. मुख्य वाक्य व गौणवाक्य यांतील भेद ओळखता आला, तरच काय ठेवावे व काय वगळावे हे ठरविता येते. त्यामुळे सारांशलेखन ही या संपूर्ण सरावाची परीक्षाच ठरते.

या योजनेच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. ती संथ आहे. परीक्षा महिन्यावर आली असता तिचा पूर्ण लाभ होणार नाही. त्या वेळी जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडविणेच योग्य. वेळेचे नियोजन व प्रश्नांच्या स्वरूपाची ओळख यांसाठी तो सराव अनिवार्यही आहे. मात्र तो वाचनक्षमता मोजतो, निर्माण करीत नाही.

महाविद्यालयाची भूमिका

बारावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत उताऱ्यावरील कृतींची स्थूल आकलन, तपशील, अनुमान, वैयक्तिक प्रतिसाद, भाषाभ्यास व शब्दसंग्रह अशी विभागणी असते. म्हणजे एकाच उताऱ्यावर आकलन व भाषा यांच्या कृती करण्याची ओळख विद्यार्थ्याला पदवीपूर्व स्तरावर झालेली असते. पदवीच्या वर्गात हा धागा पुढे नेणे शक्य आहे.

यासाठी स्वतंत्र निधीची किंवा नव्या अभ्यासक्रमाची आवश्यकता नाही. आवश्यक इंग्रजीच्या आठवड्यातील एका तासात नेमलेल्या पाठातीलच एक परिच्छेद वरील पद्धतीने वाचता येईल. मराठी विभागाचे साहाय्य येथे मोलाचे ठरेल. प्रयोग, धातुसाधिते, मिश्रवाक्य यांचे मराठीतील स्वरूप ज्याला स्पष्ट आहे, त्याला इंग्रजीतील भेद लवकर कळतो. दोन्ही विभागांनी वर्षातून काही तास एकत्र घेतल्यास दोन्ही भाषांच्या पात्रता प्रश्नपत्रिकांची तयारी होऊ शकेल. इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांनी प्रत्येक घटकासोबत इंग्रजीतील एक पान वाचावयास दिले, तर माध्यम बदलल्याने तुटलेला वाचनाचा संबंध काही अंशी पुन्हा जुळेल.

शिकवणी वर्गांचे शुल्क भरू न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयातील हा तासच एकमेव मार्गदर्शन असतो. त्या तासात तयार उत्तरे उतरवून द्यावयाची की वाक्य उलगडावयास शिकवावयाचे, हा निर्णय प्राध्यापकाच्या हाती आहे.

समारोप

इंग्रजीची पात्रता प्रश्नपत्रिका विद्वत्तेची परीक्षा घेत नाही. साधे गद्य अचूक वाचता येते काय व त्याचा आशय नीटपणे मांडता येतो काय, एवढेच ती विचारते. मराठी माध्यमाचा विद्यार्थी येथे अडखळतो, याचे कारण त्याच्या बुद्धीत शोधणे अन्यायाचे आहे. तो इंग्रजी वाक्य मराठी वाक्याच्या वळणाने वाचतो आणि ही वळणे कोठे वेगळी होतात, हे त्याला बहुधा कोणी दाखविलेले नसते. व्याकरण व आकलन यांची ताटातूट थांबवून दोन्हींचा सराव एकाच उताऱ्यावर केल्यास ही उणीव भरून निघू शकते. वर्षभराच्या परिश्रमांनी लिहिलेल्या उत्तरपत्रिका केवळ इंग्रजीच्या ७५ गुणांअभावी विचारात न घेतल्या जाणे, ही विद्यार्थ्याची वैयक्तिक हानी तर आहेच. पण त्याला पदवीपर्यंत इंग्रजी शिकविणाऱ्या महाविद्यालयांनाही तिची जबाबदारी टाळता येणार नाही.